कागदाला आलेले दात

रविवारी भटवाडीत मामाकडे जेवायला बसल्यावर रेवतीने पाहिलं, मामाने सोलकढीची वाटी हळूच मामीच्या ताटाकडे सरकवली. धोंडूमामा आणि सोलकढी नको? पवईला शिकत होती तेव्हा रेवती याच दोन खोल्यांत राहिली होती, आणि त्या सगळ्या काळात या घरात सोलकढी उरली असं एकदाही झालं नव्हतं.

"मामा, काय झालं रे?"

"काय्येक नाय. जेव तू."

"झोंबता त्येंका," वनमालामामी म्हणाली. "तिखट नको, आंबट नको. हल्ली नुसते पेजेवर हत."

"गप गो," मामा म्हणाला. "डॉक्टरनीन बघल्यान ना? मशिनीत सपाट दिसता म्हणान सांगल्यान. आता पुढच्या म्हयन्यात बोलावल्यान हा." मग रेवतीकडे बघून तो डाव्या गालाने हसला. "आमच्या भाचयेची मशीन ती. खोटा कित्याक सांगात?"

रेवतीच्या हातातला घास हातातच राहिला. उजव्या गालाने मामा हसलाच नव्हता.

हात धुऊन तिने मोबाइलचा टॉर्च लावला. "आ कर."

"अगो, जेवतंय मी..."

"मामा, आ कर म्हणते ना!"

उजव्या गालाच्या आत, जिथे त्याने आयुष्यभर तंबाखूची गोळी धरली होती तिथे, पांढरट चट्टा होता. तो तिला ठाऊक होता. त्या चट्ट्यासाठीच तर तिने त्याला मागे लागून डॉक्टर वसुधांकडे पाठवलं होतं. पण चट्ट्याची एक कड आता उठून आली होती, आणि मधोमध खोलगट लालसर झालं होतं. तिने बोट लावून पाहिलं. कड टणक होती, जुन्या चपलेच्या चामड्यासारखी. मामा कळवळला.

हे सपाट? आंधळ्याच्या बोटाला कळलं असतं हे!

एरवी रेवती परबचा राग म्हणजे फटाक्यांची माळ, वाजली की संपली. या वेळी तो वाजेना. नुसता पोटात जाऊन बसला.

ती मशीन म्हणजे एक छोटा कॅमेरा होता, जाड मार्करएवढा, तोंडात घालता येईल असा. अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत तो बनत होता आणि त्याचं काळीज रेवतीने बनवलं होतं. काळीज म्हणजे नखाएवढ्या काचेवर ओळीने बसवलेली हजारो भिंगं, एकेक भिंग केसाच्या जाडीहून फारसं मोठं नाही. मामाने एकदा विचारलं होतं, एवढी भिंगं कशाला? तेव्हा तिने त्याला चाळीचाच दाखला दिला होता. खाली चौकात भांडण झालं, की गॅलरीतल्या प्रत्येक दारातून ते जरासं वेगळं दिसतं. एका दारातून वाटतं, अमका तमक्याच्या अंगावर धावून गेला. दुसऱ्या दारातून कळतं, दोघांत चांगलं चार हातांचं अंतर होतं. सगळ्या दारांतल्या लोकांची साक्ष एकत्र केली की कोण कुठे उभा होता ते नेमकं सांगता येतं. माझं एकेक भिंग म्हणजे एकेक दार, ती म्हणाली होती. एका फोटोत सगळ्या दारांची साक्ष येते, म्हणून उंच काय, खोल काय, हे मोजता येतं. तोंडात दोन कॅमेरे लांब लांब धरायला जागा कुठे असते? म्हणून ही काच.

मामाला ते इतकं पटलं होतं की पुढे महिनाभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंगांची गोष्ट सांगत होता.

ती भिंगं घडवण्यात रेवतीची उमेदीची वर्षं गेली होती. काचेवर लेपाचे बारीक ठिपके काढायचे, ते तापवायचे, वितळले की पानावरच्या पाण्यासारखे आपोआप गोल होतात. त्यावरून निकेलचा साचा, साच्यावरून पारदर्शक राळेची भिंगं. कितीतरी काचा तिने फेकल्या. शेवटी जमलेली काच पहिल्यांदा सेन्सरवर बसवून तिने स्वतःच्या जिभेचा फोटो काढला, तेव्हा पडद्यावर जिभेवरचा एकेक उंचवटा उठून आला होता आणि ती खुर्चीतून उठून नाचली होती. त्यानंतर कंपनीचा मालक देवव्रत याने तिला मरोळच्या दुसऱ्या गाळ्यात नव्या, याहून बारीक काचेच्या कामावर बसवलं. ती इकडून काचा पाठवायची, तिकडे कॅमेरे जुळायचे. घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात त्यांची चाचणी चालू झाली, तीही रेवतीच्याच ओळखीने. तिथल्या मुखरोग विभागाच्या डॉक्टर वसुधा तिला कॉलेजपासून ओळखत होत्या.

सोमवारी सकाळी ती मरोळला गेलीच नाही. थेट अंधेरीच्या गाळ्यात शिरली आणि कपाटातला एक तयार कॅमेरा उचलला. टेबलावर दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा प्लास्टरचा जबडा होता. तिने त्यावर कॅमेरा धरला. पडद्यावर जबडा सुरेख उठून आला, दात न् दात. तिने गुलाबी मेणाची वळकटी केली, हिरडीवर चिकटवली आणि पुन्हा फोटो घेतला.

पडद्यावर हिरडी गुळगुळीत होती. मेणाचा रंग दिसत होता, पण वळकटीचा उंचवटा गायब.

तिने मेण दुप्पट जाड केलं. तरी तेच. जणू कोणीतरी आतून इस्त्री फिरवत होतं.

तिची कानशिलं तापली. समोरच्या भिंतीवर एका टूथपेस्टची जाहिरात होती, एका बाईचं मोठ्ठं हसू. का कोण जाणे, तिने कॅमेरा त्या कागदाला जवळजवळ टेकवला आणि बटण दाबलं.

पडद्यावर दात आले. नीट कमानीत, पुढचे पुढे, दाढा मागे, ओठ फुगीर, त्यामागे पोकळी. तिने बोटाने चित्र फिरवलं, तर जबडा बाजूने पूर्ण दिसत होता. मग तिने भिंतीवरच्या कागदावरून हात फिरवला. सपाट, गुळगुळीत, चकचकीत कागद. त्याला कॅमेऱ्याने दात आणले होते.

तिच्या भिंगांना हे जमणं शक्यच नव्हतं. तिच्या भिंगांनी कागदाला कागद म्हटलं असतं.

"मुकुल!"

मुकुल पलीकडच्या टेबलावर होता. पवईपासूनचा मित्र, कॅमेऱ्याचं सगळं सॉफ्टवेअर त्याचं. तो उठून आला, पडद्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसला.

"तू... कधी आलीस?"

"हे काय आहे?"

"रेवती, ऐक ना..."

"हे काय आहे मुकुल? सपाट कागदातून दाढा कुठून आल्या?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिले कॅमेरे हॉस्पिटलात गेले, दिवसभर वापरले की आतून तापायचे. काच ज्या राळेने सेन्सरवर बसवली होती ती राळ उष्णतेने सैलावायची, काच तसूभर सरकायची, आणि मग सगळ्या भिंगांची साक्ष चुकायची. पडद्यावर नुसता दगडधोंड्यांचा कचरा. देवव्रत म्हणाला, हार्डवेअर परत मागवायचं नाही, सॉफ्टवेअरमध्ये बघ. म्हणून मुकुलने भिंगांचा हिशेबच सोडून दिला. मधला साधा फोटो तेवढा घ्यायचा आणि हजारो तोंडांवर शिकवलेल्या प्रोग्रामने त्यावरून उंचसखलपणाचा अंदाज बांधायचा.

"अंदाज?" रेवती म्हणाली. "म्हणजे तोंड जसं असायला हवं तसं हा दाखवतो?"

"शंभरातल्या पंच्याण्णव तोंडांना बरोबर येतं यार. आम्ही तपासलंय."

"कारण शंभरातली पंच्याण्णव तोंडं ठीक असतात, गाढवा! उरलेल्या पाचांसाठी तर आपण हा कॅमेरा बनवला ना?"

मुकुल टेबलावरचं मेण नखाने खरवडू लागला.

"मला का नाही सांगितलं? राळ बदलली असती. बाजूने सिरॅमिकची पट्टी दिली असती. दोन महिन्यांचं काम होतं."

"देवकडे दोन महिने नव्हते," मुकुल खाली बघत म्हणाला. "आणि तू ऐकलं नसतंस. तू चाचणी थांबवली असतीस."

"मग? थांबवायलाच हवी होती ना!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला की रेवतीला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिने हात मागे बांधून घेतले.

"आणि माझ्या काचा? त्या मी अजून पाठवतेय त्या?"

"बसवतो ना. आत असतात."

"शोभेला?"

तेवढ्यात देवव्रत केबिनमधून बाहेर आला. उंच, हसतमुख, कुणाचाही आवाज चढला की स्वतःचा आणखी मऊ करणारा माणूस. त्याने सगळं ऐकलं होतं. खुर्ची ओढून तो रेवतीसमोर बसला. "बघ, तुझा राग मला समजतो. पण पुढच्या मॉडेलमध्ये तुझी नवी काच, नवी राळ, सगळं खरं करतोच आहोत आपण. तोपर्यंत मधला पूल समज."

"या पुलावरून माणसं चाललीत, देव. माझा मामा चाललाय. त्याच्या गालात गाठ आलीय आणि तुझा कॅमेरा सपाट म्हणतोय."

देवव्रतचा चेहरा क्षणभर पडला. पण क्षणभरच. "आय ॲम सॉरी. त्यांच्यासाठी मी उत्तम डॉक्टर बघतो, खर्च कंपनीचा. पण चाचणी संपायला थोडे दिवस राहिलेत. आत्ता हे बाहेर गेलं तर सगळ्यांची वाट लागेल. तुझीसुद्धा. गुप्ततेच्या करारावर तुझी सही आहे, आठवतं ना?"

रेवती उठली. तो कॅमेरा तिने पर्समध्ये टाकला, भिंतीवरची जाहिरात ओढून काढली, सुरळी करून काखेत मारली.

"कुठे चाललीस?"

"घाटकोपरला. अडवायचंय?"

कोणी अडवलं नाही. मुकुलने दारापर्यंत येऊन काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण ती जिना उतरली होती.

हॉस्पिटलात ओपीडी भरलेली होती. डॉक्टर वसुधांनी तिला दोन पेशंटच्या मध्ये आत घेतलं. रेवतीने काही न सांगता जाहिरातीचा कागद टेबलावर पसरला, त्यावर कॅमेरा धरला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. मग सगळं सांगितलं, मामाच्या गालासकट.

वसुधांनी चष्मा काढला. रेवतीला वाटलं होतं, आता त्या देवव्रतवर भडकतील. त्या भडकल्या, पण तिच्यावर.

"हे यंत्र माझ्याकडे कोणी आणलं, रेवती?"

"मी."

"एरवी असा चट्टा दिसला की मी बोट फिरवते, आणि जरा शंका आली की तुकडा काढून तपासायला पाठवते. धोंडूकाकांचा पहिल्याच महिन्यात काढला असता. पण तू म्हणालीस, मॅडम, हा केसाएवढा फरक दाखवतो, उगाच म्हाताऱ्या माणसांना सुया टोचू नका, फक्त लक्ष ठेवा. तुझ्या शब्दावर मी माझं बोट बाजूला ठेवलं. माझं बोट! एवढ्या वर्षांचं!"

"मॅडम, मला माहीत नव्हतं..."

"तुझी भिंगं आत आहेत आणि तुला माहीत नव्हतं? मग कोणाला माहीत असायचं? मला?"

रेवतीला रडू येत होतं, पण इथे रडणं म्हणजे समोरच्या बाईकडून दिलासा उकळणं झालं असतं. तिने ओठ दाताखाली धरले.

वसुधांनी बेल वाजवून नर्सला बोलावलं. "चाचणीतले सगळे पेशंट परत बोलवायचे. आजपासून. सगळे. ज्यांचे फोन लागत नाहीत त्यांची नावं वेगळी काढ." मग रेवतीकडे न बघता म्हणाल्या, "मामांना घेऊन ये. आत्ता."

मामाच्या गालातला तुकडा त्याच दुपारी काढला.

देवव्रतने हातपाय गाळले नव्हते. त्याने हॉस्पिटलच्या ट्रस्टींना गाठलं आणि त्याच आठवड्यात त्यांच्यासमोर खुलासा करण्याची वेळ मागून घेतली. ट्रस्टींच्या खोलीत लांब टेबल होतं. मधोमध श्यामसुंदर बसले होते, ट्रस्टचे अध्यक्ष, पूर्वी बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले, प्रत्येक वाक्य पूर्ण ऐकून मगच मान हलवणारे गृहस्थ. एका बाजूला वसुधा आणि रेवती, समोर देवव्रत आणि मुकुल.

देवव्रतने नवाकोरा, सीलबंद कॅमेरा आणला होता. सगळ्यांसमोर सील फोडून त्याने तो प्लास्टरच्या जबड्यावर धरला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर जबडा गोल गोल फिरू लागला. ट्रस्टींमध्ये कौतुकाची कुजबुज झाली.

"एका युनिटमध्ये दोष होता, तो आम्ही मान्य करतो," देवव्रत मऊ आवाजात म्हणाला. "रेवती आमची फार गुणी इंजिनियर आहे. पण दुर्दैवाने त्या युनिटवर तपासलेले पेशंट तिचे सख्खे मामा निघाले. अशा वेळी माणूस भावनेच्या भरात सगळ्यांवर दोष टाकतो. आम्ही तिला समजून घेतोय."

रेवतीचं डोकं सणकलं. समजून घेतोय! जणू तिचा राग म्हणजे ताप होता, दोन दिवसांत उतरणारा.

"हे नवं युनिट ठीक आहे ना?" तिने विचारलं. "यात काही दोष नाही?"

"तूच बघितलंस."

"मॅडम, मी हे उघडू का?"

"उघड," वसुधा म्हणाल्या. "सध्या ते हॉस्पिटलच्या टेबलावर आहे."

देवव्रत अर्धवट उठला. "वन मिनिट, त्यात आमचं..."

"बसा हो," श्यामसुंदर म्हणाले. "त्यांनीच बनवलाय ना तो?"

पर्समधून बारीक पेचकस आणि चिमटा काढून रेवतीने कॅमेऱ्याचं टोक खोललं. तिने कोपर टेबलावर टेकवून हात स्थिर केले. आत सेन्सरवर तिची काच होती, खिडकीच्या उजेडात इंद्रधनुषी चमकणारी. कडेने चिमटा घातला. काच आता राळेच्या नुसत्या दोन ठिपक्यांवर टेकवलेली होती, आणि ते कोमट होऊन सैलावलेच होते. काच सायीसारखी अलगद सुटून आली. मुकुलने नजर फिरवली.

तिने काच पांढऱ्या रुमालावर ठेवली, टोक पुन्हा बसवलं आणि कॅमेरा त्याच जबड्यावर धरून बटण दाबलं.

पडद्यावर जबडा आला. जरा धूसर, पण तसाच कमानदार, दात न् दात. ती तो फिरवू लागली. डावीकडून, उजवीकडून, खालून.

श्यामसुंदर पुढे वाकले. "आत्ता जे काढलंत, त्याचं काम काय होतं?"

"मोजण्याचं," रेवती म्हणाली. "तेवढंच या यंत्राचं काम होतं, सर. ते काढलं तरी यंत्राला पत्ता नाही. कारण हे मोजतच नाही. हे ठोकून देतं! निरोगी तोंड कसं असतं ते याला पाठ आहे, आणि तेच ते प्रत्येकाच्या तोंडावर चिकटवतं. तुमचा गाल सडला तरी हे सपाट दाखवेल. आणि हो, माझे मामा आहेत ते. म्हणून मी जेवताना त्यांच्याकडे बघत होते. बाकीच्यांकडे कोण बघत होतं?"

शेवटी तिचा आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई दार किलकिलं करून बघून गेला.

देवव्रत काहीतरी म्हणू लागला, पण श्यामसुंदरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मुकुलला विचारलं, "तुम्ही सॉफ्टवेअर बघता ना? या म्हणतायत ते खरं आहे?"

मुकुलने रुमालावरच्या काचेकडे बघितलं. मग म्हणाला, "हो."

चाचणी त्या दुपारीच बंद झाली. कॅमेरे हॉस्पिटलने कपाटात घालून कुलूप लावलं आणि तक्रार वरपर्यंत नेली. तिचं पुढे काय होणार ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. कंपनीतल्या रेवतीच्या कार्डाने दार उघडणं बंद झालं. मुकुलचे फोन येत राहिले. तिने एकही घेतला नाही. फोन घेतला तर तो माफीच मागणार, हे तिला माहीत होतं, म्हणूनच घेतला नाही. त्याचं मन हलकं करायला तिला अजिबात वेळ नव्हता.

तुकड्याचा निकाल आला तो वाईटच आला. मामाचं ऑपरेशन ठरलं. गालाचा आतला भाग काढून मांडीची कातडी लावायची होती. ऑपरेशन चाललेलं असताना मामी बाहेरच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. रेवती शेजारी बसायला गेली, तशी मामी सरकली. जागा करून द्यायला नव्हे, लांब व्हायला.

"मामी..."

"तुझ्यार भरवसो ठेवलो आमी," मामी म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, नुसती धग होती. "माका तेवाच दिसत होता. तेंका मी सांगत होतंय, दुसऱ्या डॉक्टराक दाखवया. तर म्हणत, रेवतीची मशीन हा. रेवतीची मशीन, रेवतीची मशीन. गाव भरून सांगल्यानी."

रेवती उभीच राहिली. देवव्रतवर ओरडताना तिला जे बळ मिळालं होतं त्यातलं कणभरही इथे उपयोगाचं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. वेळेत आले, असं सर्जन म्हणाला. अजून महिना गेला असता तर जबड्याचं हाडही काढावं लागलं असतं. मामाला बोलता येत नव्हतं. रेवती भेटायला गेली की तो तिचा हात धरून दाबायचा, आणि ते तिला मामीच्या बोलण्यापेक्षा जड जायचं.

त्या दिवसांत ती सकाळ-दुपार दुसरं एक काम करत होती. परत बोलावलेल्यांपैकी बहुतेक येऊन गेले होते. वसुधांनी प्रत्येकाच्या तोंडात बोट फिरवलं. एका बाईच्या जिभेखाली काहीतरी सापडलं, तिच्यावर उपचार सुरू झाले. पण काहींचे फोन लागत नव्हते. त्यांना शोधायला रेवती स्वतःहून निघाली. कोणी साकीनाक्याला, कोणी विक्रोळीच्या टेकडीवर. सगळ्यात शेवटी राहिला कुंडलिक, कुर्ल्याच्या टर्मिनसवर पार्सलचं काम करणारा हमाल. त्याच्या फोनवर भलताच माणूस बोलायचा.

तो सापडायला तिला पार्सल ऑफिसच्या खेपा घालाव्या लागल्या. सापडला तेव्हा तो हातगाडीवर खोकी रचत होता. रुंद छाती, कपाळावर रुमाल.

"तुम्ही कुंडलिक ना? घाटकोपरच्या हॉस्पिटलात तोंड दाखवायला यायचात?"

"हां. मग?"

"तुम्हाला परत यायला हवं. आजच. त्या कॅमेऱ्याने जे सांगितलं ते खोटं होतं."

त्याने खोकं खाली ठेवलं. "खोटं म्हंजी?"

"म्हणजे त्याला काही दिसतच नव्हतं. तो उगाच सांगत होता."

"आन् तुमी?"

"मी... त्यातला एक भाग मी बनवलाय."

कुंडलिक तिच्याकडे बघत राहिला. मग बोलला तेव्हा आजूबाजूचे हमाल थांबून बघू लागले. "बाई, मला तुमीच सांगितलं ना बरंय म्हून? मी गावाकडं आईला फोन करून सांगितलं, बरंय म्हून. तिनं देवाला नारळ दिला. आन् आता म्हंता खोटं? आमचं तोंड काय तुमाला खेळायला दिलंय व्हय?"

"नाही. तुमचं बरोबर आहे. पण चला."

"न्हाई आलो तर?"

"तर मी उद्या परत येईन."

तो काय पुटपुटला ते तिला कळलं नाही, पण हात पुसून तो निघाला. रिक्षात घाटकोपरपर्यंत त्याने तिच्याकडे पाठ करून बाहेर बघितलं. आत वसुधांनी त्याला खुर्चीत बसवलं, हातमोजा चढवला आणि गालाच्या आतून, जिभेखालून, हिरड्यांवरून सावकाश बोट फिरवलं. एका जागी थांबल्या. वसुधांनी पुन्हा एकदा तिथूनच बोट फिरवलं, आरसा धरून पाहिलं आणि मोजा काढला.

"हा ठीक आहे. चट्टा मऊ आहे, आधीपेक्षा कमी झालाय. तंबाखू सोडलीस वाटतं?"

"आईला शब्द दिल्ता," कुंडलिक म्हणाला. मग खुर्चीतून उठून तो रेवतीकडे वळला, आणि आता त्याचा आवाज आणखीच चढला. "ठीक हाय? मग आनलं कशाला? गाडी लागली हुती माझी, मुकादम बोंबलत असंल! बाराच्या भावात गेला माझा दिवस! रस्ताभर जीव टांगनीला लावला, आन् आता म्हंता ठीक हाय!"

ओपीडीतली माणसं दारातून डोकावू लागली. वसुधा मध्ये पडायला पुढे आल्या, पण रेवतीने हातानेच त्यांना थांबवलं. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याला जेवढं बोलायचं होतं तेवढं, शेवटच्या शब्दापर्यंत, तिने ऐकून घेतलं.